किनाऱ्यावर उतरलेली पाखरं : रत्नागिरी आणि आजूबाजूला, ऑगस्टपासून पुढे

भाट्येकर | ८ सप्टेंबर, सकाळी ७:१०

काल गणपती बसले. आरत्या, नैवेद्य, जेवणं आटोपली आणि चारच्या सुमाराला दुर्बीण घेऊन भाट्याच्या पुलाखाली गेलो. पाणी ओसरायला लागलं होतं. काजळी नदीच्या मुखाशी जी चिखलाची जीभ उघडी पडते तिच्यावर ४३ सँड प्लवर, म्हणजे चिखल्या, मोजले. त्यातल्या सहांच्या छातीवर अजून विटकरी पट्टा होता. हा त्यांचा विणीच्या काळातला रंग. महिनाभरात तो पार उडेल आणि मग सगळे सारखेच मातकट दिसतील. सोबत छोटे टिलवे ११, लाल पायांचे टिलवे ५, सामान्य तुतवार २ आणि लांब वाकड्या चोचीचा एकटा व्हिंब्रेल.

सात वर्षं मी याच दीड किलोमीटरवर फिरतोय. सुरुवातीला नवीन पक्षी दिसला की वहीत लिहायचो आणि बाकीचे सोडून द्यायचो. आता त्याचं वाईट वाटतं, कारण पहिल्या तीन वर्षांत नेहमीचे पक्षी किती होते ते माझ्याकडे लिहिलेलंच नाही. 'पूर्वी खूप असायचे' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, पण खूप म्हणजे किती, ते कुणाच्याच वहीत सापडत नाही.

म्हणून हा धागा. डहाणूपासून काणकोणपर्यंत कुणीही लिहा. तारीख, जागा, पाणी भरत होतं की ओसरत होतं, आणि आकडा. एवढं पुरे. फोटो नसला तरी चालेल. एखाद्या दिवशी काहीच दिसलं नाही तर तेही लिहा, तो शून्य पुढे उपयोगी पडतो.

खाडीवेडी | ८ सप्टेंबर, दुपारी १:२५

आंजर्ले. काल सकाळी साडेआठला पूर्ण ओहोटी होती. करडा धोबी आला! खाडीच्या कडेच्या दगडांवर एकटाच शेपटी हलवत होता. आमच्याकडे धोब्यांत पहिला मान नेहमी याचाच. पांढरा आणि पिवळा नवरात्राच्या आगेमागे येतात.

एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. हे सगळे थंडीमुळे खाली येतात असं शाळेत शिकलो. मग जुलैअखेर, ऑगस्टमध्येच कसे येतात? तेव्हा तिकडे उत्तरेत उन्हाळाच असतो ना?

सडामाळ | ८ सप्टेंबर, रात्री ९:५०

खाडीवेडी, थंडी हे अर्धंच कारण झालं. चिखलपक्षी वर जातात ते अंडी घालायला. तिथला उन्हाळा दीड-दोन महिन्यांचा, पण दिवस जवळजवळ चोवीस तासांचा आणि किडे अमाप. ज्यांचं घरटं मोडलं, अंडी कोल्ह्याने नेली, त्यांना तिथे थांबायचं काही कारण उरत नाही. ते जुलैमध्येच परत फिरतात. भाट्येकर काकांना जुलैअखेर दिसणारे पहिले पक्षी बरेचसे हे असतात. त्यांच्या मागून वीण झालेले प्रौढ. पिल्लं सगळ्यात शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

यातलं सगळ्यात थक्क करणारं म्हणजे बऱ्याच जातींत आईबाप पिल्लांना सोडून आधी निघून जातात. दोन-तीन महिन्यांची पोरं कुणीही वाट न दाखवता हजारो किलोमीटर उडून तुमच्या-माझ्या किनाऱ्यावर उतरतात. ओळखायची खूण : प्रत्येक पिसाला फिकट, नेटकी किनार असते, नव्या शाळेच्या गणवेशासारखी. प्रौढांची पिसं याच दिवसांत झिजलेली, विटलेली दिसतात.

हर्णैचा_दर्या | ९ सप्टेंबर, सकाळी ६:०५

बरेच जण चुकीच्या वेळेला किनाऱ्यावर येतात आणि पक्षी नाहीत म्हणून परत जातात. आमच्या घरात तीन पिढ्या होड्या आहेत, म्हणून सांगतो.

तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. अमावस्येला किंवा पौर्णिमेला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. हा हिशेब मोटामोटी आहे. मुंबईकडे भरती जरा उशिरा येते, मालवण-गोव्याकडे आधी. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला जोर नसतो. पक्षी बघायला उधाणाचे दिवस घ्या. सकाळी सहाच्या दरम्यान ओहोटी असते तेव्हा पक्षी लांब चिखलात पांगलेले, दुर्बिणीतही ठिपके दिसतात. नऊच्या पुढे पाणी चढायला लागलं की तेच पक्षी मागे सरकत सरकत तुमच्या पुढ्यात येतात. तुम्ही फक्त एका जागी बसून राहायचं.

भाट्येकर | ९ सप्टेंबर, सकाळी ८:३०

दर्या, हे सोनं आहे. आधी कुणी सांगितलं असतं तर पहिली दोन वर्षं वाया गेली नसती. माझ्या वहीत आजपासून तिथीचा रकाना.

रेडीची_रेवा | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

मदत हवी आहे. आज दुपारी रेडीच्या वाळूवर एक पक्षी बसलेला मिळाला. जवळ गेलं तरी उडत नव्हता. पाठ गडद राखी-तपकिरी, पोट पांढरं, डोक्यावर काळी टोपी, शेपटी कात्रीसारखी. दोन मुलं त्याला उचलून पाण्यात सोडायला निघाली होती, मी थांबवलं. आता खोक्यात आहे. पुढे काय करू?

सडामाळ | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५२

थांबवलंत ते फार बरं केलंत. दमलेला समुद्रपक्षी पाण्यात ढकलला तर बुडतो. खोक्याला भोकं पाडा, आत जुनी सुती ओढणी अंथरा आणि अंधारात, शांत जागी ठेवा. चोच उघडून पाणी किंवा मासळी कोंबू नका, श्वासनलिकेत जाते. सारखं झाकण उघडून बघू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आत्ताच फोन करा.

आणि एक सांगा, कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्यापाशी संपतो की भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो?

रेडीची_रेवा | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

फोन केला, उद्या सकाळी माणसं येताहेत. पट्टा डोळ्याच्या मागे जातो, बारीक भुवई आहे.

सडामाळ | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२१

मग ब्रिडल्ड टर्न. सूटी टर्नची पाठ याहून काळी असते आणि त्याचा पांढरा भाग डोळ्यापाशी थांबतो. हे सुरय (टर्न) एरवी खोल समुद्रात राहणारे, जमिनीवर फक्त विणीपुरते. तुमच्यापासून जवळच वेंगुर्ला रॉक्सवर ते वीण करत आले आहेत. पावसाळी वाऱ्यात दमलेला एखादा असा किनाऱ्याला लागतो.

रेडीची_रेवा | १५ सप्टेंबर, सकाळी १०:३०

काल वनविभागाच्या देखरेखीखाली ठेवला होता. आज सकाळी वारा पडल्यावर किनाऱ्यावर खोकं उघडलं. पाच मिनिटं नुसता बसून राहिला, मग पंख झटकले आणि उडाला तो सरळ पश्चिमेकडे. दिसेनासा होईपर्यंत आम्ही चौघं उभे होतो. त्या दोन मुलांनाही बोलावलं होतं.

रापणकार | १९ सप्टेंबर, सकाळी ११:००

मालवण. काल सकाळी चिवल्याच्या वेळेर रापण लागलली. कुरव (सीगल) आणि सुरय मिळान शंभर-दीडशे पाण्यार बसान वाट बघी होते. तेंच्यात एक सुरय कावळ्यापरास मोठो, चोच गाजरासारखी लाल. ओरडता तो पण घोगऱ्या आवाजान. ह्यो कोण?

खाडीवेडी | १९ सप्टेंबर, दुपारी १२:१०

कॅस्पियन टर्न! जगातला सगळ्यात मोठा सुरय. एवढी जाड लाल चोच दुसऱ्या कुणाची नाही. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढल्यावर वाळूत राहिलेली बारीक मासळी टिपायला कोण कोण येतं ते मोजून लिहाल का? मासळी कमी-जास्त झाली की पक्षी कसे बदलतात हे तुमच्याइतकं जवळून कुणाला दिसणार?

रापणकार | १९ सप्टेंबर, दुपारी १२:४५

लिवतंय. दर रापणीक लिवन ठेवतंय.

भाट्येकर | २२ सप्टेंबर, दुपारी २:००

आज सकाळचे आकडे : सँड प्लवर १८७. दोन आठवड्यांत चौपट. सँडरलिंग पहिल्यांदा, ९. लाट मागे गेली की तिच्या मागे धावायचं, आली की पुढे पळायचं, आणि तेवढ्या सेकंदात वाळूत चोच खुपसून खायचं. आर्क्टिकमधून आलेला पक्षी, वजन मुठीत मावेल एवढं.

एका पक्ष्यावरून सकाळपासून अडकलोय. फोटो टाकलाय. सँड प्लवरच आहे, पण चोच बाकीच्यांहून लांब वाटते. ग्रेटर सँड प्लवर, म्हणजे मोठी जात, असेल का?

कुलाबकर | २२ सप्टेंबर, दुपारी ३:३५

मला ग्रेटर वाटत नाही. चोचीची लांबी आणि चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर यांची तुलना करा. ग्रेटरमध्ये चोच त्या अंतराहून लांब भरते. तुमच्या फोटोत जेमतेम बरोबरीची आहे.

सडामाळ | २२ सप्टेंबर, दुपारी ४:२०

कुलाबकरांशी सहमत, आणि इथे एक भर घालतो. आपण ज्याला लेसर सँड प्लवर म्हणत होतो त्याच्या आता दोन जाती मानतात, सायबेरियन आणि तिबेटी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणारे मुख्यतः तिबेटी. आणि तिबेटीची चोच सायबेरियनपेक्षा लांब असते. परदेशी पुस्तकातलं चित्र समोर ठेवून बघितलं की आपला साधा पक्षी 'ग्रेटर' वाटायला लागतो तो म्हणूनच. जनुकीय अभ्यासातून तर असं पुढे आलंय की तिबेटी हा सायबेरियनपेक्षा ग्रेटरलाच जवळचा आहे.

पायही बघा. ग्रेटरचे पाय लांब असतात, उडताना बोटं शेपटीच्या पुढे डोकावतात.

भाट्येकर | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०५

पटलं. तिबेटी म्हणून नोंदवतो.

पण सडामाळ, हे वाचून दोन तास नुसता बसून राहिलो. हा पक्षी तिबेटच्या पठारावर, आपल्या लडाखमध्ये चार-साडेचार हजार मीटर उंचीवर तळ्याकाठी अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून भाट्याच्या चिखलात येतो. मी इतकी वर्षं 'चिखल्या ४०, चिखल्या ६०' असं लिहून मोकळा होत होतो.

मस्कतवाला | २३ सप्टेंबर, रात्री ११:३०

मूळ गुहागरचा, गेली अकरा वर्षं ओमानमध्ये. धागा वाचून राहवलं नाही. इथे मासिरा बेटाच्या समोर बर्र अल हिकमान म्हणून चिखल-वाळूचा अफाट सपाट किनारा आहे. हिवाळ्यात तिथे पाच लाखांवर चिखलपक्षी असतात. दर नोव्हेंबरात आम्ही चार-पाच जण गाडीने जातो, वाळूत तंबू ठोकतो.

तिथे क्रॅब प्लवरचे थवे असतात. पांढराशुभ्र, काळ्या पाठीचा, चोच खंजिरासारखी. चिखलपक्ष्यांत हा एकटाच वाळूत बीळ खोदून आत अंडं घालतो. पांढरंफेक, एकच. वाळूची ऊब पुरते म्हणून त्याला फार बसावंही लागत नाही. आपल्याकडे कच्छच्या आखातात नियमित आहे, पण कोकणात दिसला तर मोठी नोंद. गुहागरला लहानपणी हे काही ठाऊक नव्हतं. समोर समुद्र होता, पलीकडे अरबस्तान आहे एवढंच भूगोलात पाठ केलं होतं. आता पलीकडे उभा राहून तेच पक्षी बघतो तेव्हा घर जवळ वाटतं.

खाडीवेडी | २९ सप्टेंबर, सकाळी १०:४५

चातकाची दोन पिल्लं अजून इथेच आहेत. सातभाईंच्या टोळक्यामागे तोंड वासून फिरताहेत. आईबाप चातक गावात दिसेनासे झाले. चातक येतो तेव्हा वर्तमानपत्रात फोटो येतात, पाऊस आला म्हणून आपण आनंदतो. तो जातो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. या पिल्लांना सातभाईंनी वाढवलं, सातभाई जन्मात गाव सोडत नाहीत, आणि यांना मात्र आतूनच कळणार की आता आफ्रिकेला निघायचं. यंदा शेवटचा चातक कोणत्या तारखेला दिसला ते प्रत्येकाने लिहा, अशी कळकळीची विनंती.

दिवाडी_बेट | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

गोव्यातून. मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी आज सँड प्लवर तीनशेच्या वर, सोबत कुरव यायला सुरुवात. करमळीच्या तळ्यावर अडई बदकं आहेतच, भुवई बदक १४ आले. तलवार बदक आणि थापट्या अजून नाहीत.

नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, गोव्यातलं पहिलं. तेव्हापासून लोक विचारायला लागले की त्या तळ्यात असं काय आहे. त्यांना घेऊन जायला आनंद वाटतो. पण मोरजीची वाळू बघून जीव तुटतो. नोव्हेंबरपासून माणसं, खाटा, कुत्री. भरतीच्या वेळी पक्ष्यांना उतरायला कोरडी वाळू उरत नाही.

सडामाळ | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

दसऱ्याच्या शुभेच्छा सर्वांना. सकाळी चंपक मैदानाच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर, गेलो होतो. आज नीलकंठ दिसावा अशी सगळ्यांचीच इच्छा असते. एक नेहमीचा नीलकंठ तारेवर होता. त्याच्यापासून दोन खांब सोडून दुसरा बसला होता, त्याचं डोकं, छाती, पोट सगळं एकसारखं फिकट निळं. आपल्या नीलकंठाच्या छातीवर तपकिरी झाक आणि रेघा असतात, याला नव्हत्या. युरोपीय रोलर!

हा आपल्याकडे राहायला येत नाही. मध्य आशियातून पूर्व आफ्रिकेला जाताना आपल्या पश्चिम भागातून नुसता पुढे सरकतो, खरा वाटसरू. कच्छमध्ये सप्टेंबरात असे वाटसरू बघायला मुद्दाम लोक जातात. कोकिळेचा परदेशी भाऊ, म्हणजे कॉमन कुक्कू, तोही याच वाटेचा. मंगोलियात २०१९ मध्ये पाठीवर यंत्र बसवलेला 'ओनोन' नावाचा कुक्कू भारतावरून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेत ये-जा करताना साऱ्या जगाने नकाशावर पाहिला. रोलर सकाळी अकराला उडाला तो परत दिसला नाही.

मांडवा_फेरी | २७ ऑक्टोबर, रात्री ८:१५

आज एक मनातलं लिहितो. गेटवे-मांडवा बोटीने दर शनिवार-रविवार अलिबागला जातो. कुरव आले आहेत, शेकड्यांनी बोटीमागे उडतात, दृश्य सुंदर असतं. पण डेकवर प्रत्येकाच्या हातात गाठियाची पुडी. तेल, मीठ, सोडा. एका बाईंना हात जोडून म्हटलं, ताई, हे मासे खाणारे पक्षी आहेत, याने पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. त्या म्हणाल्या, पुण्य लागतं. मग त्यांच्या मुलीला दुर्बीण दिली. तिने तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव यांच्या पंखांतला फरक ओळखला, कारण मी तिला टोकाचा पांढरा ठिपका, ज्याला आरसा म्हणतात, तो बघायला सांगितला होता. तिने आईच्या हातातली पुडी काढून घेतली आणि पिशवीत ठेवली. वाद घालून जे झालं नाही ते दुर्बिणीने झालं.

हे कुरव लडाख, तिबेट, मध्य आशियातून एवढ्या लांब आले ते आपल्या समुद्रात मासळी आहे म्हणून.

भाट्येकर | ३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

काल पाडवा. उधाण होतं, पाणी सुरूच्या बनाच्या पायथ्यापर्यंत. सगळे पक्षी मिळून पाचशेच्या आसपास, वाळूच्या शेवटच्या पट्टीवर दाटीवाटीने एका पायावर उभे. चोच पाठीत खुपसून झोपलेले. मोजणी निम्म्यावर आली आणि चारचाकी वाळूवर उतरली. आत गाणी लावलेली. पाठोपाठ दोन कुत्री सुटली. थवा उठला, पाण्यावर तीन गिरक्या घेतल्या, परत उतरायला आला, परत उठला. चाळीस मिनिटांत अकरा वेळा. शेवटी खाडीच्या आत निघून गेला.

आपल्याला ते उडणं छान दिसतं. व्हिडिओ काढावासा वाटतो. पण भरतीचे हे दोन-तीन तास त्यांची झोप आहे. ओहोटीला खायचं, भरतीला पचवायचं आणि निजायचं, दिवसातून दोनदा, रात्री पण. चार-पाच हजार किलोमीटर उडून आलेल्याची चरबी संपलेली असते. प्रत्येक उड्डाणात त्याने टिपलेल्यातलं काही जळून जातं. आणि मार्च-एप्रिलात परत जायला त्याला इथूनच अंगावर साठा करायचा असतो.

गाडीतल्या मुलांशी बोललो. चांगली मुलं होती, लगेच गाडी वर घेतली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. म्हणून इथे लिहितो : भरतीच्या वेळी वाळूवर पक्षी बसलेले दिसले तर लांबून वळसा घाला. कुत्रं साखळीला ठेवा. फोटोवाल्यांनीही पुढे पुढे सरकू नये. पक्ष्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तिथेच थांबायचं.

रापणकार | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आजपासून पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचो जन्मदिवस, १२ सलीम अलींचो. शाळेतल्या पोरांका घेवन चिवल्यार जातलंय. वही तयार हा : २३ रापणींची नोंद.

कुलाबकर | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

रापणकार, २३! आमच्या वर्षभराच्या नोंदी त्यापुढे कमी पडतील. पोरांना हेही सांगा की सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला बसून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. किहीम म्हणजे आपलाच किनारा.

खाडीवेडी | १० नोव्हेंबर, दुपारी १२:०५

आज एका सँड प्लवरच्या पायात रंगीत फ्लॅग, म्हणजे अभ्यासकांनी लावलेली खुणेची पट्टी, दिसला!! हात थरथरत होते. पाच फोटो काढले, त्यातल्या दोनात अक्षरं अर्धवट दिसतात. कुठे कळवायचं?

सडामाळ | १० नोव्हेंबर, दुपारी १२:४०

अभिनंदन! बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. तारीख, नेमकी जागा, आणि फ्लॅगचं वर्णन : कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, दोन असतील तर वरचा रंग कोणता, खालचा कोणता. डावा-उजवा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा-उजवा. रंगाची जोडी देश किंवा ठिकाण सांगते, अक्षरं तो एकच पक्षी सांगतात. अक्षर नक्की नसेल तर अंदाजाने भरू नका, जेवढं दिसलं तेवढंच लिहा.

खाडीवेडी | १० नोव्हेंबर, दुपारी ३:३०

पाठवलं. उत्तर आलं की इथे लिहिते.

सडामाळ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:००

अमूर ससाणे आले.

काल दुपारी सड्यावर उकडत होतं. तीनच्या पुढे जमिनीतून पंख फुटलेली वाळवी निघायला लागली आणि आकाशात एक, मग चार, मग सतरा ससाणे. नर राखाडी, पाय शेंदरी, पंखांची आतली बाजू पांढरी. माद्या आणि पिल्लांच्या पोटावर काळे ठिपके-पट्टे. खरुची, म्हणजे केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा, एका जागी फडफडत लटकते, हेही लटकतात, पण मग वाळवी पायात धरून उडता उडताच तोंडाकडे नेतात. हवेत जेवण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हा ससाणा पारव्याहूनही लहान. ईशान्य चीन, सायबेरियात वीण. ऑक्टोबरात नागालँडच्या दोयांग धरणाशी लाखोंनी जमतो. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून हजारोंनी मारले गेले होते. पुढच्याच वर्षी गावांनी स्वतः बंदी घातली आणि एकही मारू दिला नाही. त्याच २०१३ च्या नोव्हेंबरात तीन पक्ष्यांवर उपग्रह यंत्रं बसवली, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. कालपर्यंत ज्यांच्या हातात जाळी होती त्या लोकांची आणि त्यांच्या गावांची नावं पक्ष्यांना मिळाली. मला ही गोष्ट आठवली की भरून येतं.

तिथून भारत आडवा कापून ते आपल्या किनाऱ्याकडे येतात आणि अरबी समुद्र न थांबता ओलांडतात, तीन हजार किलोमीटरच्या आसपास. खाली उतरायला जागा नाही. या दिवसांत पूर्वेकडून वाहणारा वारा पाठीशी असतो. याच सुमाराला पिवळे चतुर, ज्यांना मुलं भिंगऱ्या म्हणतात, तेही लाखोंनी समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. ससाणे वाटेत त्यांनाच खात असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

भाट्येकर | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

सडामाळचा संदेश वाचून आज पहाटे रत्नदुर्गावर गेलो, बुरुजाच्या समुद्राकडच्या बाजूला. मतलई वारा पाठीवर लागत होता. सात वाजून दहा मिनिटांनी डोक्यावरून नऊ ससाणे गेले. घिरट्या नाहीत, वाळवीचा शोध नाही. पंख मारत सरळ पाण्यावर. दुर्बिणीत मी त्यांना सहा मिनिटं धरून ठेवलं.

दर्या, तुमच्या होड्या खोल पाण्यात जातात. कुणाला वर असे छोटे ससाणे जाताना दिसतात का?

हर्णैचा_दर्या | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

दिसतात. नाव माहीत नव्हतं. दिवाळी झाली की एखादा रात्री डोलकाठीवर येऊन बसतो, पहाटे जातो. वडील म्हणायचे, पाहुणा आहे, हाकलू नका. आता तांडेलांना सांगतो, तारीख आणि किती वाव पाण्यात दिसला ते लिहून आणा.

मस्कतवाला | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

मी इकडून बघतो आहे. दिसले की लगेच लिहीन.

भाट्येकर | २४ नोव्हेंबर, दुपारी १:००

आजची मोजणी : सँड प्लवर ३१२, सँडरलिंग ४६, कुरव १८०, लाल पायांचे टिलवे २७, कॅस्पियन टर्न १, ससाणे ०.

पुढच्या शनिवारी, ३० तारखेला, सगळे मिळून मोजायचं का? चतुर्दशी आहे, भरती दहाच्या सुमाराला. साडेसातला सुरूच्या बनाशी भेटू. गाड्या रस्त्यावरच ठेवा. कपडे मातकट रंगाचे. दुर्बिणी माझ्याकडे दोन जास्त आहेत.

खाडीवेडी | २४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

येते. सोबत आई आहे, तिच्यासाठी एक दुर्बीण ठेवा. फ्लॅगचं उत्तर अजून नाही.

रापणकार | २४ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मालवणातसून पाटच्या गाडयेन निघतंय. वही घेवन येतंय.